सुटे नाहीत, उद्या ये

दिवस दिवाळीच्या आधीचा रविवार. रक्कम दोन चिंचोके. हजर चौघं: मी, माझी बायको वैशाली, नऊ वर्षांची मुलगी सई आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या रामटेकेबाई. स्थळ लखनऊच्या इंदिरा नगरमधला आमचा व्हरांडा.

सरकारी बँकेतून कॅशिअर म्हणून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या रामटेकेबाईंनी माझ्या मुलीला माझ्या डोळ्यांदेखत दोन चिंचोक्यांना फसवलं.

प्रकार असा. सईने पत्त्यांच्या गठ्ठ्यातून दोन पानं ओढली. एक आठ आला, एक सात. या खेळात दोन पानांचा गुणाकार होईल तितके चिंचोके बाई देतात. गुणाकार किती होतो ते मात्र त्या सांगत नाहीत. त्यांनी तर्जनी ओल्या स्पंजवर टेकवली, डब्यातून पाच कवड्या उचलल्या, चार चिंचोके मोजले आणि टेबलावरून पुढे सरकवले. कवडी म्हणजे दहा चिंचोके. "मोजून घ्या, जनाब," त्या म्हणाल्या.

मी चिनहटच्या एका कारखान्यात लेखा विभागात आहे. आयुष्य दुसऱ्यांच्या बेरजा तपासण्यात गेलं. छप्पनच्या जागी चोपन्न दिसले की मला राहवत नाही. मी खोकलो.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "साहेब, काउंटरवर गर्दी करू नका."

मी पुन्हा खोकलो. तेवढ्यात सईने चिंचोके गोळा करून फ्रॉकच्या ओच्यात घेतले आणि बाईंचा चेहरा एकदम फुलला. "दोन कमी होते! पण आता तुम्ही काउंटर सोडला." त्यांनी पिशवीतून पत्र्याची एक जुनी पाटी काढून टेबलावर उभी केली. ती बँकेतल्या काउंटरवर असते तशीच होती. हिंदीत लिहिलं होतं की रोकड मोजून घ्यावी, काउंटर सोडल्यावर तक्रार ऐकली जाणार नाही.

सईचं तोंड उघडंच राहिलं. ही मुलगी गणिताची चाचणी म्हटलं की पोट धरून बसणारी. डॉक्टरांनी पोटात काही नाही असं सांगितलेलं. पाढा विचारला की डोळे भरून यायचे. ती मुलगी खुर्चीवर उभी राहून ओरडली, "ये तो चीटिंग है!"

"है ना," बाई समाधानाने म्हणाल्या. "पकड़ना आपका काम है, जनाब."

तेवढ्यावर त्यांनी पाटी पिशवीत घातली, आमच्याकडचा चहा संपवला आणि निघून गेल्या. त्या रात्री सई आंघोळीच्या बादलीपाशी आठाचा पाढा घोकत होती. कुणी सांगितलं नव्हतं.

रामटेकेबाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. यजमान टपाल खात्यात होते, त्यांच्या बदलीबरोबर लखनऊला आल्या, त्यांच्या बँकेनेही इकडे बदली दिली, आणि मग इथल्याच झाल्या. यजमान जाऊन आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. बोलताना एका वाक्यात भंडारा, हिंदी आणि लखनवी अदब हे तिन्ही येतात. सात वर्षांच्या पोरालाही त्या "आइए, तशरीफ रखिए" म्हणून बसवतात आणि मग लुबाडतात.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्याखाली एक लाकडी टेबल. हे टेबल म्हणजे त्यांची पेढी. टेबलावर ओला स्पंज, चिंचोक्यांची काचेची बरणी, कवड्यांचा डबा आणि एका वाटीत सागरगोटे. सागरगोटा म्हणजे शंभर. पत्त्यांतून राजा, राणी आणि गुलाम काढून टाकलेले. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ते काय काम करून राहिले, बाप्पा? ज्याच्या अंगावर आकडा नाही त्याचं पेढीवर काय काम?" मनगटात बांगडीच्या वर दोन-तीन रबरबँड कायम. टेबलाच्या कडेला एक रबरी शिक्का, त्यावर 'भुगतान किया गया'. तो शिक्का खातं पुरतं चुकतं झालं की हातावर मिळणार होता. कॉलनीतल्या प्रत्येक मुलाची त्याच्यावर नजर होती आणि अजून एकालाही तो मिळाला नव्हता.

कॉलनीत त्यांचं नाव बेईमान दादी. हे मुलं त्यांच्या तोंडावर म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. मी मात्र पहिल्यांदा ते ऐकून चरकलो. मी म्हटलं, "बाई, तुम्ही स्वतः कॅशिअर. हे मुलांना काय शिकवताय?"

"पस्तीस वर्षं कॅशमध्ये एक रुपयाचा फरक येऊ दिला नाही, माने साहेब," त्या म्हणाल्या. "आता म्हातारपणी थोडी बेईमानी करू द्या ना. लई मजा येते."

नियम फार नव्हते. पैसे उचलायच्या आत "रुको" म्हटलं आणि चूक दाखवली, तर जितके कमी तितक्याच्या दुप्पट बाईंनी द्यायचे. उगाच "रुको" म्हटलं, तर एक कवडी दंड. त्यामुळे नुसता संशय घेऊन भागत नसे. खात्री लागायची. आणि लिहायला बंदी. "कागद नाही, पेन नाही. खातं डोक्यात ठेवायचं."

सईने पहिल्यांदा "रुको" म्हटलं ते नऊ सक चोपन्नला. बाईंनी बावन्न दिले होते. सईने टेबलावर हात आपटला, तो कवड्यांच्या डब्यावरच बसला आणि सगळ्या कवड्या जमिनीवर. बाई वाकून गोळा करता करता हसत होत्या. "पकड़ लिया! बाप्पा, पकडलं मला!" जणू बँकेने त्यांना बढती दिली होती.

"तो चार दीजिए," सई म्हणाली.

आता बाईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी चिंचोक्यांनी काठोकाठ भरलेल्या बरणीकडे पाहिलं. "छुट्टा नहीं है. कल आइए."

हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. मराठीत सांगायचं झालं तर, सुटे नाहीत, उद्या ये. दंडाची वेळ आली की त्यांच्याकडे कधीही सुटे नसत. मी हे पहिल्यांदा सईच्या तोंडून ऐकलं तेव्हा जेवता जेवता थांबलो. सागरगोटा मोडायला सुटे नाहीत हे मी समजू शकतो. कवडी मोडायला नाहीत, हेही एक वेळ चालेल. पण समोर बरणीभर चिंचोके असताना चार चिंचोक्यांना सुटे नाहीत? चिंचोका हेच सर्वांत लहान नाणं. त्याच्या खाली काही नाही.

"तुम्हाला काय करायचंय?" वैशाली म्हणाली. "पोरगी रोज जाते ना?"

जात होती. पाच वाजले की चप्पल घालून तयार. दारात पोचल्याबरोबर मुलं आपापली बाकी जाहीर करत. "दादी, हमारे सैंतीस बाकी हैं." बाई म्हणायच्या, "इकतीस." मग भांडण. काल किती पानं आली, कशाला "रुको" झालं, दंड किती बसला, हे सगळं पोरांना तोंडी मांडून दाखवावं लागे. अर्धा तास या भांडणात जाई. श्रीवास्तवांचा गोलू तर बाकी सिद्ध करायला साक्षीदार घेऊन येऊ लागला.

एकदा मिसेस श्रीवास्तव आमच्याकडे तक्रार घेऊन आल्या. "भाईसाहब, गोलू हर जगह रुको-रुको करता है. कल मेरी सास ने पूजा का परसाद बाँटा, उनका भी हाथ पकड़ लिया. बोला, दादी, एक लड्डू कम है."

"था क्या कम?" मी विचारलं.

त्या चप्पल शोधायला लागल्या. "था तो."

आमच्या गल्लीत सब्जीचा ठेला येतो. सई एकदा वैशालीबरोबर उभी होती. भैयाने तोंडी हिशेब करून रक्कम सांगितली आणि सई म्हणाली, "रुको." भैयाने पुन्हा बेरीज केली, दहा रुपये परत दिले आणि वैशालीला म्हणाला, "बिटिया को बैंक में लगवा दीजिए, बहन जी. ठेले पर मत लाइए."

हिवाळ्यात शाळा थंडीमुळे बंद असताना पेढी गच्चीवरच्या उन्हात हलली. एका रविवारी मीच गेलो. सईला आणायला गेलो होतो, पण बाईंनी खुर्ची पुढे केली. "या, ऑडिट साहेब. खातं उघडा."

मी बसलो. खरं सांगायचं तर त्यांना पकडायचंच या इराद्याने बसलो. नऊ आणि आठ अशी पानं आली. बहात्तर. आकडा मनात पक्का धरून मी त्यांच्या बोटांवर नजर ठेवली.

"साताऱ्याला आई कशा आहेत?" बाईंनी विचारलं. बोटं चालूच.

"बरी आहे. गुडघे दुखतात."

"कंदी पेढे अजून तसेच मिळतात का? मागच्या वेळी आणले होते तुम्ही. त्यात वेलची होती का जायफळ?"

"जायफळ... नाही, वेलची असावी."

"नक्की काय ते आईंना विचारा. मोजून घ्या."

मी पैसे ओढून घेणार तेवढ्यात कानाशी सईचा आवाज आला. "रुको! पापा, तीन कम हैं! उनहत्तर है!"

सहा कवड्या आणि नऊ चिंचोके होते. एकोणसत्तर. मी वेलची आणि जायफळ यांच्यामध्ये अडकलो होतो, आणि माझ्या मुलीने, जिला गेल्या वर्षी सातचा पाढा येत नव्हता, बाजूला उभ्या-उभ्या बहात्तरमधून एकोणसत्तर वजा केले होते. मला लाज वाटायला हवी होती. पण मी खुर्चीवर बसल्या जागी हसायलाच लागलो.

"दुसऱ्याच्या खात्यात बोलायचं नसतं," बाई सईला म्हणाल्या. पण त्यांनी दंड मान्य केला. सहा चिंचोके. "सुटे नाहीत. उद्या या, साहेब."

मी कशाला उद्या जाणार? माझे सहा तसेच राहिले.

सईचे गुण काही एकदम आकाशाला भिडले नाहीत, हेही नमूद करतो. चाचणीत तिला बेताचेच मिळत. पण पोटदुखी गेली. पेपर हातात आला की ती त्याच्याकडे संशयाने बघायला लागली. वर्गातल्या बाईंनी फळ्यावर एकदा बेरीज चुकवली तेव्हा सई "रुको" म्हणाली आणि त्यासाठी तिला उभं राहावं लागलं. दंड दुप्पट मिळाला नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

मग मार्च आला.

मार्चमध्ये माझ्यासारख्या माणसाला कुणी भेटू नये. कारखान्यात येणं-देणं, कुणाकडे किती बाकी, बाकी मान्य असल्याचं पत्र कुणाचं आलं, कुणाचं नाही, हेच दिवसभर. घरी आलो की डोक्यात तेच चालू. अशा एका संध्याकाळी सई अंगणातून आली आणि म्हणाली, "पापा, मेरे दो सौ अठारह बाकी हैं."

दोनशे अठरा! मी बाकीच्या मुलांची चौकशी केली. प्रत्येकाचे शंभराच्या वर. एका निवृत्त कॅशिअरने सगळ्या कॉलनीचं देणं थकवलं होतं आणि कारण काय, तर सुटे नाहीत. शिवाय मेमध्ये आम्ही साताऱ्याला जाणार होतो. बाकी ठेवून गावाला कसं जायचं? मला ते पटेना.

योगायोगाने माझा भाऊ साताऱ्याहून आला तो वर्षाची चिंच घेऊन. वैशालीने ती निवडली. निघालेले चिंचोके ती फेकणार होती, ते मी मागून घेतले, धुतले, गच्चीवर वाळवले आणि पिशवीत भरले. वैशाली म्हणाली, "हे काय करताय?" मी म्हटलं, "बाईंची अडचण दूर करतोय."

मार्चच्या शेवटच्या रविवारी पिशवी घेऊन पेढीवर गेलो. मुलं जमलेली होतीच. पिशवी टेबलावर ठेवली. "बाई, घ्या सुटे. मार्चअखेर आहे. सगळ्यांचं चुकतं करून टाका."

बाईंनी पिशवीत हात घालून मूठभर चिंचोके वर काढले. "कुठून आणले?"

"साताऱ्याहून."

"चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "टपोरे."

मुलांनी गलका केला. सगळ्यांना शिक्का हवा होता. बाई खुर्चीत सरळ बसल्या, चष्मा पुसला, स्पंजवर बोट टेकवलं आणि मोजायला लागल्या. गोलू, मग त्याची बहीण, मग सई. भांडण नाही. मुलांनी सांगितली ती बाकी मान्य. दोन सागरगोटे, एक कवडी, आठ चिंचोके. मोजून घ्या. सई डोळे बारीक करून बघत होती. प्रत्येक मूल बघत होतं. एकालाही "रुको" म्हणता आलं नाही. पस्तीस वर्षं ज्या बोटांनी एका रुपयाचा फरक येऊ दिला नाही, ती बोटं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. माझेही सहा दिले. मग त्यांनी शिक्का शाईवर दाबून एकेकाच्या हातावर उमटवला. भुगतान किया गया. माझ्याही.

मला फार बरं वाटलं. इतकं स्वच्छ खातं कारखान्यात कधी बघायला मिळत नाही.

जेवताना सई म्हणाली, "आज मज़ा नहीं आया. आजी ने एक बार भी चीटिंग नहीं की." आणि हातावरचा शिक्का खरवडत बसली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता गेली आणि लगेच परत आली. पेढी बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. दार उघडं होतं, बाई घरात होत्या, मुलांना त्यांनी बिस्किटं दिली. पण टेबल भिंतीला लावलेलं आणि पाटी उलटी करून ठेवलेली. "सबका भुगतान हो गया, जनाब," असं म्हणाल्या. "अब काहे की पेढी."

आठ-दहा दिवस असे गेले. संध्याकाळी कामावरून येताना मला त्या खिडकीत बसलेल्या दिसायच्या. समोर टीव्ही, आवाज बंद. मुलं बाहेर क्रिकेट खेळत. सई खेळत नसे. ती मला एकच वाक्य सारखं ऐकवत होती. "पापा, आपने हिसाब क्यों करवाया?"

"करायलाच हवा असतो," मी म्हणालो.

"नाही," वैशाली स्वयंपाकघरातून म्हणाली. "सगळीकडे नाही."

शेवटी मी गेलो. बाईंनी चहा टाकला. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सुचेना म्हणून सरळ विचारलं, "बाई, पेढी का बंद केली? माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकलं? तुमचा हिशेब बरोबरच होता." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःच्या मनगटातला रबरबँड काढून बोटाला गुंडाळू लागल्या. "आमचे हे रेल्वेच्या टपालात होते. माहीत आहे ना? गाडीच्या डब्यात उभं राहून रात्रभर पत्रं वेगळी करायची. दोन-दोन रात्री बाहेर. आम्ही दोघं रमी खेळायचो, चिंचोक्यांवर. ड्यूटीची वेळ झाली की डाव अर्धा ठेवून उठायचे. त्यांच्याकडे माझे बाकी निघायचे. मी म्हणायची, द्या ना आत्ताच. तर म्हणत, सुटे नाहीत, आल्यावर देतो."

"आणि?"

"यायचे ना. बाकी आहे म्हटल्यावर यावंच लागते माणसाला. इतकी वर्षं येत राहिले." बाई थोड्या हसल्या. "मग दवाखान्यात जायच्या दिवशी बरणी काढली अन् सगळे मोजून दिले. म्हणाले, सुशीला, मोजून घे."

मी कप खाली ठेवला.

"मी कॅशिअर ना, बाप्पा," बाई म्हणाल्या. "मी मोजून घेतले. बरोबर होते."

त्या उठून गॅसवरचं पातेलं उतरवायला गेल्या. पातेलं आधीच उतरवलेलं होतं. मी चहा संपवून घरी आलो.

सईला यातलं काही सांगितलं नाही. वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, "आता काहीतरी बाकी काढा. तुम्हीच काढू शकता."

मी सहा महिने मागे गेलो. माझं काम तेच आहे. ज्या खात्यावर शून्य बाकी लिहिलेलं असतं, त्यात काय सुटलं ते शोधायचं. आणि सापडलं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता आम्ही तिघं बाईंच्या दारात उभे राहिलो. मी ऑफिसला जाताना घालतो तो शर्ट घातला होता.

"बाई," मी म्हटलं, "मार्चअखेरच्या तपासणीत माझी चूक झाली आहे. सईचे दोन चिंचोके तुमच्याकडे निघतात."

"शक्य नाही," बाई ताडकन म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पस्तीस वर्षांची नोकरी होती. "दोनशे अठरा दिले. शिक्का मारला."

"दिवाळीच्या आधीचा रविवार. आमचा व्हरांडा. सात आठे छप्पन. तुम्ही चोपन्न दिले."

सईने माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग तिला आठवलं, आणि तिने कमरेवर हात ठेवले. "हाँ आजी! दो कम थे! पहला वाला!"

"ते?" बाई म्हणाल्या. "तेव्हा ग्राहकाने काउंटर सोडला होता. तक्रार चालत नाही. पाटी वाचा."

"पाटी तुम्ही नंतर काढली," वैशाली म्हणाली. "आधी पिशवीत होती. मी पाहिलं आहे."

"आणि सईने पैसे उचलायच्या आत मी खोकलो होतो," मी म्हटलं. "दोनदा."

"खोकणं म्हणजे 'रुको' होते का?"

"आमच्या खात्यात होतं."

बाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. त्या तेवढ्या हुशार होत्या. आम्ही कशासाठी आलो ते त्यांना कळलं असणार. पण त्यांनी तसं दाखवलं नाही आणि आम्हीही नाही. त्यांनी खालचा ओठ दाताखाली धरला, कपाळाला आठ्या घातल्या, एखाद्या वादग्रस्त चेकवर विचार करावा तसा विचार केला. मग उठून टेबल भिंतीपासून ओढलं. सई धावली आणि दुसरी बाजू धरली. पाटी सरळ झाली. स्पंजवर नळाचं पाणी पडलं.

"तक्रार मंजूर," बाई म्हणाल्या. "दोन कमी, म्हणजे दंड चार?"

"चार!" सई म्हणाली.

"अजिबात नाही. 'रुको' शब्द उच्चारला नव्हता. दंड नाही. मूळ दोन." त्यांनी तर्जनी स्पंजवर टेकवली, बरणीत हात घातला आणि साताऱ्याचा एक टपोरा चिंचोका काढून सईपुढे सरकवला. "मोजून घ्या, जनाब."

"रुको!" सई ओरडली. "एक है! एक कम, तो दो दीजिए!"

बाईंनी बरणीकडे पाहिलं. माझ्या पिशवीतले सगळे चिंचोके त्यांनी तिच्यात ओतले होते, त्यामुळे झाकण नीट लागत नव्हतं.

"छुट्टा नहीं है," त्या म्हणाल्या. "कल आइए."

"पर हम मई में सातारा जाएँगे!"

"जाइए. आप पर थोड़े ही, हम पर बाकी है. आके ले लीजिएगा."

गल्लीत क्रिकेट थांबलं होतं. सईचं ओरडणं ऐकून गोलू बॅटसकट दारात आला होता आणि आपलंही काही जुनं निघतं का, ते आठवत उभा होता. मला त्याला सांगावंसं वाटलं की नीट शोध, निघेल. पण दुसऱ्याच्या खात्यात बोलायचं नसतं.

हजर: मी, वैशाली, सई आणि रामटेकेबाई. चुकते केले: एक चिंचोका, सई माने हिला. शिक्का मारला नाही.